प्रोब होलमध्ये रॉड एकदम आत गेला, ब्लास्ट घ्यावा का?

कृष्णाकाठ:
नऊ वर्षं बोगद्यांवर काढली, सगळी सह्याद्रीच्या बेसाल्टात. तीन महिन्यांपासून हिमालयात डोलोमाइटमध्ये आहे. परवा रात्री प्रोब होल, म्हणजे पुढचा खडक तपासायचं लांब भोक, मारताना फेसच्या (खोदकामाच्या टोकाच्या) 18 मीटर पुढे ड्रिलचा रॉड सव्वा मीटर सपकन आत गेला. पाणी आलं ते नितळ, पण तासाभरात चहाच्या रंगाचं झालं. पहाटे धार बारीक झाली आणि पुन्हा नितळ. म्हणून वरून निरोप आलाय, ब्लास्ट घ्या. माझं मन घेत नाही. फेसवर चौदा माणसं असतात.

जुना भूवैज्ञानिक:
ब्लास्ट घेऊ नका, लेखी कळवा.

बेसाल्टात पाणी सांध्यांतून येतं आणि बहुतेकदा ओसरतं. डोलोमाइट आणि चुनखडी पाण्यात विरघळतात, त्यामुळे आत माती-पाण्याने भरलेली पोकळी असू शकते. गढूळ पाणी म्हणजे तिथली माती सुटली. धार बारीक झाली ती बहुधा भोक मातीने चोंदल्यामुळे. मागचा दाब तसाच असेल, आणि चोंदलेल्या भोकावर दाबाचं गेज लावलंत तर ते फसवेल.

नवं भोक घ्या. आधी स्टँडपाइप, म्हणजे भोकाच्या तोंडाशी लोखंडी नळी, ग्राउट करून (भोवती सिमेंट भरून) बसवा, त्यावर व्हॉल्व्ह, मग त्यातूनच ड्रिल. 10 बार म्हणजे 100 मीटर पाण्याचा स्तंभ, हे वरच्यांना सांगा. आणखी पाच-सहा भोकं बाहेरच्या बाजूला तिरकी मारा. पोकळी भिंतीला चिकटून असेल तर सरळ भोकाला ती सापडतच नाही.

चीनच्या यिचांग–वानझोऊ रेल्वेमार्गावर मालुचिंग बोगद्यात जानेवारी 2006 मध्ये आणि येसानग्वानमध्ये 5 ऑगस्ट 2007 ला असंच पाणी घुसलं, माणसं गेली. नंतर तिथे माणसं बाहेर काढून, पाण्याला वाट करून ठेवून, पोकळी मुद्दाम फोडून दाब उतरवला गेला. ग्राउटिंगची घाई नको. वाहत्या पाण्यात सिमेंट वाहून जातं.

रात्रपाळी:
बोगद्यावरच्या डोंगरमाथ्यावर पाणी जिरणारे खड्डे आहेत का बघा. तिथे पर्जन्यमापक ठेवा, आणि पावसानंतर किती तासांनी आत पाणी वाढतं ते रोज लिहा. आमच्या साइटवर त्या वहीवरूनच शिफ्ट थांबवायचो.

कृष्णाकाठ:
नव्या भोकावर गेज 6 बार दाखवतंय. ब्लास्ट रद्द झाला. माणसं फेसवरून मागे घेतली आहेत, पंप वाढवतोय. माथ्यावर उद्या मी स्वतः जातोय.