ज्युनियर आइस हॉकीचा तो एक हंगाम: तुमचेही अनुभव लिहा

बाकावरची:
काल अडगळीत मुलाची हॉकीची बॅग सापडली. चेन उघडली आणि तो वास! खेळ सोडून पाच वर्षं झाली, हातमोजे अजून तसेच. सोळाव्या वर्षी ज्युनियर संघात निवड झाली तेव्हा आम्ही हवेत. मग कळलं की पोरगं परगावी, बिलेट कुटुंबाकडे (परगावच्या खेळाडूला घरी ठेवून घेणारं कुटुंब) राहणार. संघात वीस वर्षांचे दाढीवाले बाप्ये, आमच्याला नुसती लव. निम्मे सामने तर जर्सीही न चढवता वर प्रेक्षकांत बसून. "खेळलास का?" विचारणं मी बंदच केलं. "जेवलास का?" एवढंच. पहिला गोल कसा, तर दुसऱ्याने मारलेला पक (खेळायची चकती) याच्या ढुंगणावर आपटून आत! गोल तो गोल. पक अजून टीव्हीशेजारी आहे.
लिहा तुम्हीही.

गोलीची आई:
वासाला +१. गोलीच्या, म्हणजे गोलरक्षकाच्या, पॅडचा तर विचारूच नका.
मी सामना बघतच नाही, बाहेर फेऱ्या मारते. एकदा ४१ शॉट आले, ३८ अडवले, हरलो ३-०. गाडीत अवाक्षर नाही. घराजवळ आल्यावर म्हणतो, "आई, दुसरा माझ्यामुळेच गेला."

भोचक:
ढुंगणावर गोल 😂😂

नवशिका बाबा:
मला वर्षभर आइसिंग म्हणजे केकवरचं वाटायचं. आपल्या अर्ध्यातून पक थेट पलीकडच्या गोलरेषेपार धाडला की शिट्टी, हे लेकीने चमचे मांडून शिकवलं. वर, आपला गडी पेनल्टीत (शिक्षा म्हणून बाहेर) असेल तर तेच चालतं! मी ओरडलो "अहो आइसिंग!" आणि अख्खी रांग माझ्याकडे बघतेय.

तिसरी पाळी:
कॅनडात २०१३ पासून पीवी गटात, म्हणजे ११-१२ वर्षांच्यांना, बॉडी चेकिंग (अंगाने धडक देऊन अडवणं) बंद. त्यामुळे आमच्याला पहिला धक्का तेराव्या वर्षी बसला, शब्दशः. कॉलरबोन. प्लास्टर नाही, नुसती झोळी. सहा आठवडे बाकावर बसून सगळ्यांच्या स्टिकना टेप गुंडाळत होता. आता टेप काय सुरेख लावतो! जाऊ दे, डबा भरायचाय, नंतर लिहिते.

भोचक:
पक सामन्याआधी फ्रीजरमध्ये ठेवतात हे खरं का?

नवशिका बाबा:
हो, गोठवला की कमी उसळतो. रबर आहे ना. वजन साधारण १६० ग्रॅम, पण नडगीवर बसला की किलोभर.

गोलीची आई:
कुणी हातमोजे वाळवायचा उपाय सांगा ना. विषय तोच चाललाय म्हणून विचारते.

तिसरी पाळी:
आत वर्तमानपत्र कोंबा, पंख्यासमोर ठेवा. हीटरवर नको, तळवा कडक होतो. आणि बॅगेची चेन रात्री उघडी.

गोलीची आई:
उघडी?? घरात??

बाकावरची:
आमची आता बंदच होत नाहीये. 🙏