मदत हवी आहे: आत्याबाई दर टेकला रडायल्यात, रविवारी शूट संपवायचंय

परळीकडचा:
नमस्कार मंडळी. शॉर्ट फिल्म करायलोय, कॉमेडी ड्रामा. तेरव्याच्या दिवशीची गोष्ट आहे. बाकी सगळं जमलं, एक सीन अडकलाय. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलाय, घरातले बघायला जातात, आधी गप्प उभे राहतात आणि मग एकेकाला हसू फुटतं. पण आत्याबाई दर टेकला खरंच रडायल्यात. सात टेक झाले. त्या रडल्या की बाकीचेही डोळे पुसायला लागतात. उपाय सांगा, पटकन. भाड्याचा माईक सोमवारी परत द्यायचाय.

फ्रेमवाला:
कॅमेरा कोणता? किती एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम?

परळीकडचा:
मोबाईल. एफपीएसचा इथं काय संबंध?

फ्रेमवाला:
संबंध आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ एफपीएस आणि शटर १/५० सेकंद ठेव. नाहीतर घरातल्या सीनमध्ये ट्यूबलाइट लुकलुकताना दिसेल. मोबाईलचं स्वतःचं ॲप फ्रेम रेट मनासारखा कमी-जास्त करत असतं, मग एडिटिंगला बसल्यावर आवाज आणि ओठ जुळत नाहीत. मॅन्युअल ॲप टाक. माझ्या पहिल्या फिल्ममध्ये अख्खा सरपंच अर्धा सेकंद उशिरा बोलायलाय.

मांजराकाठ:
आम्ही २४ वर करतो, काही होत नाही.

फ्रेमवाला:
होतं. तुम्हाला दिसत नाही.

कडक_चहा:
अहो, त्यानं रडण्याचं विचारलंय. भाऊ, फ्लेक्स बघून हसू का येतं, ते तर लिहिलंच नाहीस.

परळीकडचा:
लिहायचं राहिलं. माणसाचा एकच धड फोटो असतो, कुठल्यातरी लग्नातला, फेटा बांधलेला. फ्लेक्सवाला शेजारच्याला कापून काढतो, पण खांद्यावरची चार बोटं तशीच राहतात. सहा बाय चारच्या फ्लेक्सवर गंभीर चेहरा, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि खांद्यावर कुणाची तरी चार बोटं.

कडक_चहा:
हाहाहा. हे भारी आहे.

अण्णा_निवृत्त:
भारी काय त्यात? तेराव्याची थट्टा करायची, मग आमच्या रूढी बदनाम झाल्या म्हणून बोंबलायचं. आमच्या वडिलांच्या वेळी गंगाखेडला अस्थी घेऊन गेलो होतो, बारा माणसं एका जीपमध्ये. कुणाला हसू आलं नाही.

मांजराकाठ:
अण्णा, बारा माणसं एका जीपमध्ये ही तुमचीच एक फिल्म झाली की.

अण्णा_निवृत्त:
पुढच्या सीटवर मडकं कुणी धरायचं यावरून दोघा भावांत वाद झाला होता, तेवढं सोडा. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, माझ्या मांडीवर द्या.

कडक_चहा:
अण्णा, हेच तर तो करायलाय.

नाटकी_पोरगी:
मूळ प्रश्नावर येते. आत्याबाई म्हणजे पात्राचं नाव की तुमच्या आत्या?

परळीकडचा:
आत्याच. माझ्या सख्ख्या. ॲक्टर आणायला पैसे कुठायत, सगळं पस्तीस हजारांत बसवायचंय. घरचेच आहेत सगळे. काका काकांच्या भूमिकेत, आई आईच्या.

नाटकी_पोरगी:
आणि फ्लेक्सवर फोटो कुणाचाय?

परळीकडचा:
नानांचा. माझ्या वडिलांचा. दुसऱ्या कुणाचा आणू? मागच्या वर्षीचा तेरव्याचाच फ्लेक्स माळ्यावर होता, नवा छापायचे पैसे वाचले.

कडक_चहा:
अरे बाबा.

मांजराकाठ:
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं होतंस, राजा.

परळीकडचा:
त्यात काय सांगायचं? गोष्ट खरी आहे म्हणूनच फिल्म करायलोय. बोटं खरंच राहिली होती. त्या दिवशी कुणी उघड हसलं नाही, पण रात्री काका अंगणात आडवे पडून पोट धरून हसले, तेही रडत रडत. तेच पकडायचंय.

उस्मानाबादी_शेळी:
सेन्सॉरचं बघितलं का? थिएटरात दाखवायची तर सर्टिफिकेट लागतं. यूट्यूबवर टाकायला नाही लागत. आणि चाळीस मिनिटांच्या आत ठेव, ऑस्करचा शॉर्ट फिल्मचा नियम टायटलसकट ४० मिनिटांचा आहे.

परळीकडचा:
दादा, माझी १८ पानांची स्क्रिप्ट आहे. ऑस्कर राहू द्या.

दगडी_वाडा:
सोपा उपाय. विद्यापीठात, संभाजीनगरला, नाट्यशास्त्र विभाग आहे. तिथली एखादी पोरगी आत्या म्हणून आण, साडी नेसव, केसांना पांढरं लाव. जेवण आणि एसटीचं भाडं दिलं तरी येतील.

नाटकी_पोरगी:
मी त्याच विभागात शिकले. जेवण आणि एसटीच्या भाड्यावर काम करून घेणाऱ्यांची यादी आहे आमच्याकडे. आणि विशीतल्या पोरीच्या केसांना टाल्कम पावडर लावली की आत्या होत नाही, पावडर लावलेली पोरगी होते.

दगडी_वाडा:
मदत करायला गेलो तर हे.

मांजराकाठ:
माझं ऐक. आत्याला रडू दे, तिच्यावर एक मोबाईल लावून ठेव. बाकीच्यांचे क्लोज-अप नंतर, आत्याला घरी पाठवून घे. फ्लेक्स उलटा टांग, पांढरी बाजू पुढं, म्हणजे त्यांना नाना दिसणारच नाहीत. तुझा एखादा मित्र कॅमेऱ्यामागं उभा करून त्याच्या खांद्यावर पिठाने माखलेला हात ठेवायला सांग. हसतील. सीनची गंमत रडणाऱ्या माणसात शोधू नको, तिच्याजवळ चहाचा कप धरून उभ्या असलेल्या पाव्हण्याकडं बघ. त्याला कप ठेवता येईना अन् पिताही येईना. आणि दुपारी शूट करू नको. या उन्हात फोन तापून बंद पडतो, शिवाय फ्लेक्स चमकतो. सकाळी नवाच्या आत उरक.

परळीकडचा:
पांढऱ्या बाजूची आयडिया चांगलीये. थँक्स.

फ्रेमवाला:
पांढऱ्यावर एक्स्पोजर (उजेडाचं सेटिंग) लॉक करायला विसरू नको. धोतरं जळतील, म्हणजे नुसता पांढरा डाग दिसेल.

भजनी_मंडळ:
शेवटी गाणं टाकणार का? संतांचा अभंग घे, शब्दांवर कुणाचा हक्क उरलेला नाही. मात्र यूट्यूबवरून रेकॉर्डिंग उचलू नको, रेकॉर्डिंगचा कॉपीराइट प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं असतो. गावचं भजनी मंडळ बसव, टाळ लांब ठेव, माईक मृदंगापासून हातभर बाजूला.

अण्णा_निवृत्त:
तेराव्याला बुंदी दाखवणार का? आमच्याकडं लापशी असते.

कडक_चहा:
लापशी? आमच्याकडं बुंदीशिवाय पंगत उठत नाही.

अण्णा_निवृत्त:
ते अलीकडचं. आचारी आल्यापासून.

नाटकी_पोरगी:
परळीकडचा, एक विचारते, रागावू नका. आत्यांना ही फिल्म कॉमेडी आहे हे सांगितलंय का?

परळीकडचा:
नानांवर फिल्म आहे एवढं सांगितलं.

नाटकी_पोरगी:
मग त्या बरोबरच करायल्यात. भावाच्या फ्लेक्ससमोर उभं केलंत, त्या रडल्या. सातही टेक चांगलेच आले असतील.

दगडी_वाडा:
आणि ती बोटं कुणाची ते कळलं का कधी?

परळीकडचा:
काकांची असतील. मूळ फोटो सापडत नाही, फ्लेक्सवाल्याकडंच राहिला. आज रात्री बोलतो आत्याबाईशी. सांगतो.

परळीकडचा:
बोललो. अख्खी स्क्रिप्ट वाचून दाखवली. फ्लेक्सचा सीन येईपर्यंत मस्त हसत होत्या, काकांची नक्कल तर माझ्यापेक्षा भारी केली. तिथं आल्यावर थांबल्या. म्हणाल्या, फोटो माझ्या लग्नातला हाय. निघायच्या वेळचा. बोटं माझी हायेत, हळद दिसायली बघ. मला कापून काढलं त्या मेल्यानं.
मग मीच बाहेर जाऊन बसलो थोडा वेळ.
त्या सीन करणार आहेत. रडणार नाही असं काही म्हणाल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, ते फ्लेक्सवालं पोरगं दाखव पिच्चरमध्ये, मी त्याला दोन शिव्या देते. आता फ्लेक्सवाल्याच्या कामाला कुणी आहे का? परळी-अंबाजोगाई भागातला, रविवारी सकाळी सातला. जेवण मिळेल.

नाटकी_पोरगी:
जेवण आणि एसटीचं भाडं?

परळीकडचा:
आणि आत्याबाईच्या शिव्या.

मांजराकाठ:
मी येतो. केजला आहे, गाडी आहे माझी.

फ्रेमवाला:
२५ वर ठेवलंस का पण?