मदत हवी आहे: लोड भरला की पिकअप दम टाकते

राजेहो, डिझेल गाडीचं काम जाणणारं कोणी असेल तर सांगा. २००४ची चार सिलिंडरची पिकअप आहे, मेकॅनिकल पंपाची, सेन्सर-बिन्सर काही नाही. रिकामी ठीक पळते. पण वरुडहून संत्र्याचे क्रेट भरून नागपूरच्या कळमना मार्केटला निघालो की काटोलच्या अलीकडे, चढ लागला की ओढतच नाही, झटके देते.

सकाळी सेल्फ लय मारावा लागतो. स्टार्ट झाली की डोळे चुरचुरतील असा पांढरा धूर अन् खडखड. गरम झाल्यावर धूर जातो, खडखड थोडी राहतेच. काळा धूर नाही, म्हणून एअर फिल्टरवर संशय नाही. डिझेल फिल्टर नवा टाकला. तरी रात्रभर उभी राहिली की डिझेल चढवायचा हातपंप मऊ लागतो, बराच वेळ दाबल्यावर कडक होतो. म्हणजे सक्शनकडून, टाकीतून पंपाकडे येणाऱ्या नळीत, हवा ओढत असावी. गळती मात्र कुठं दिसत नाही.

चालू इंजिनवर नोझलचे (सिलिंडरात डिझेल फवारते ते) पाइपनट एकेक ढिले करून पाहिले. तिसऱ्याला आवाजात फरकच नाही, म्हणजे तो सिलिंडर नीट पेटत नसावा; डिझेल मात्र येतं. मिस्त्री म्हणतो, सरळ पंप खोलून कॅलिब्रेशनला पाठवा. मले हे घाईचं वाटते. आधी तिसरं नोझल दुसऱ्या नंबरवर टाकून पाहू, की कॉम्प्रेशन तपासू? टॅपेट (व्हॉल्व्हची फट) टाईट असले तरी असं होते का? हवा पकडायला पारदर्शक नळी फिल्टरच्या आधी लावू की नंतर?

आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड सुरू आहे, गाडी जास्त दिवस उभी ठेवणं जमणार नाही.