कार्प आमिष सोलून नेतो, ट्राउट गळ गिळतो: दोघांसाठी बांधणी एकच ठेवावी की वेगळी?

नवा गरवणारा

नमस्कार. गेले दोन हंगाम मी एकाच बांधणीने कार्प आणि ट्राउट असे दोन्ही मासे गरवण्याचा प्रयत्न करीत आहे. 8 क्रमांकाचा गळ, 0.25 मिलिमीटरचा नायलॉन दोरा, गळापासून वीतभर अंतरावर शिशाची गोळी आणि गळावर थेट ओवलेले गांडूळ किंवा मळलेल्या पिठाचा गोळा, एवढीच माझी मांडणी आहे. अनुभव मात्र दोन्ही माशांबाबत अगदी उलट येतो. कार्पच्या पाण्यात दोरा दोन-तीन वेळा किंचित थरथरतो, मी हिसका देतो आणि गळ स्वच्छ, रिकामा वर येतो. ट्राउट लागतो तेव्हा गळ इतका खोल गेलेला असतो की तो काढताना माशाला इजा होते. मागच्या आठवड्यात पाण्यात परत सोडायचा एक लहान ट्राउट माझ्या हातातच मेला आणि त्या गोष्टीचे मला फार वाईट वाटते.

दोष गळाच्या आकारात आहे, दोऱ्याच्या जाडीत आहे की आमिष लावण्याच्या पद्धतीतच आहे? दोन्ही माशांसाठी वेगळी बांधणी करावी लागत असेल, तर ती कशी करावी, हे कृपया सविस्तर सांगावे.

तळाचा गाळ

आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ माशाच्या तोंडात आहे, म्हणून आधी तेच पाहू. कार्पच्या जबड्यात दात नसतात. त्याचे दात घशात असतात. तो तळावरचे अन्न पाण्यासकट ओढून घेतो, तोंडात चाचपतो आणि नको असलेले क्षणार्धात बाहेर फुंकतो. ओठांजवळच्या मिशांनी आणि तोंडातल्या मऊ भागाने त्याला चव व कठीणपणा दोन्ही कळतात. आपण गळ आमिषाच्या आत लपवता तेव्हा तो आमिष ओढतो, आत टणक काहीतरी असल्याचे ओळखतो आणि सगळेच थुंकतो. आपल्याला जाणवणारी ती थरथर बहुतेक वेळा ओढण्या-फुंकण्याचीच असते. आपण हिसका देईपर्यंत गळ त्याच्या तोंडाबाहेर पडलेला असतो.

यावरचा उपाय म्हणजे हेअर रिग. 1970 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांनी तो घडवला आणि त्या वेळी त्यात खरोखरच माणसाचा केस वापरला होता. आमिष गळावर लावायचेच नाही, गळाच्या बाकाखाली एका बारीक दोऱ्यावर लोंबते ठेवायचे, एवढीच त्यामागची कल्पना. मासा आमिष निर्धास्तपणे ओढतो, उघडा गळ त्याच्या मागोमाग आत जातो आणि फुंकताना त्याचे टोक खालच्या ओठात रुतते.

बांधणी अशी करावी. साधारण 20 सेंटिमीटरचा मऊ, विणलेला दोरा घ्या आणि त्याच्या एका टोकाला लहानसा फास करा. आमिष ओवण्याच्या सुईने फास आमिषातून पलीकडे काढा आणि तो निसटू नये म्हणून त्यात छोटा अडसर बसवा. आता दोऱ्याचे दुसरे टोक गळाच्या नेढ्यातून ओढून घ्या आणि आमिष बाकापासून 5 ते 10 मिलिमीटर खाली लोंबेल असे अंतर ठरवा. हे अंतर ठरवताना घाई करू नका, कारण आमिष बाकाला चिकटले तर गळाला वळायला जागाच उरत नाही. मग आमिषाकडचा दोरा गळाच्या दांडीला लागून धरा आणि लांब टोकाने नेढ्याकडून बाकाकडे सात-आठ घट्ट वेढे द्या. शेवटी ते लांब टोक नेढ्याच्या मागच्या बाजूने, म्हणजे गळाच्या अणीच्या विरुद्ध बाजूने, आत घालून ओढा. यात गाठ बसतच नाही, वेढेच पकड धरतात. मागच्या बाजूने दोरा घालण्याचे कारण असे की ओढ बसताच गळ अणीच्या बाजूला कलंडतो. समोरून घातला तर तो सरळच राहतो आणि सारी मेहनत वाया जाते.

बांधून झाल्यावर गळ तळहातावर आडवा ठेवा आणि दोरा हलकेच ओढा. अणी आपोआप खाली वळून कातडीला टोचू लागली, तर बांधणी बरोबर आहे. गळ नुसता घसरत गेला, तर वेढे उलगडून पुन्हा बांधा. अणी नखावर फिरवून पाहणेही तितकेच आवश्यक आहे. ती नखावर अडली पाहिजे. घसरणारा गळ बदलावा.

आमिष म्हणून 15 मिलिमीटरची बॉयली (पिठाची उकडून कडक केलेली गोळी) किंवा मक्याचे दोन-तीन दाणे पुरेसे होतात आणि त्यांना 6 किंवा 8 क्रमांकाचा गळ शोभतो. (गळांचे क्रमांक उलटे चालतात, म्हणजे 6 हा 10 पेक्षा मोठा असतो.) वाळलेला मका चोवीस तास भिजवून अर्धा तास उकळल्याशिवाय वापरू नये, कारण कोरडा दाणा माशाच्या आतड्यात फुगतो आणि कार्पला जठर नसते. दाण्यांच्या वर एक तरंगता कृत्रिम दाणा ओवला, तर गळाचे वजन तोलले जाते. पाण्याने भरलेल्या भांड्यात हे सोडून पाहा: गळ तळाला टेकलेला आणि दाणे त्याच्यावर उभे, असे दृश्य दिसले पाहिजे.

आपली शिशाची लहान गोळी येथे कामाची नाही. 60 ते 90 ग्रॅमचे शिसे दोऱ्यावर जवळजवळ पक्के बसवा. गळाची टोच जाणवताच मासा दचकून पळतो आणि शिशाचे वजनच गळ रुतवते. त्यामुळे थरथर दिसताच हिसका देण्याची सवय सोडावी लागेल. दोरा सलग पळू लागेपर्यंत थांबावे.

थंड प्रवाह

कार्पविषयी वर सर्व आलेच आहे. ट्राउटचा प्रकार अगदी वेगळा आहे, आणि त्याच्यासाठी हेअर रिग वापरण्याच्या मोहात पडू नये असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. त्याच्या जबड्यात आणि टाळूवर दात असतात. तो भक्ष्य पकडतो आणि लगोलग गिळतो. म्हणूनच आपला गळ खोल जातो. शिवाय तो वाहत्या पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि वाहत येणाऱ्या वस्तू टिपतो. आमिष प्रवाहाच्या वेगानेच वाहत आले तर तो विश्वासाने घेतो. दोऱ्याच्या ताणामुळे ते आडवे ओढले गेले तर बहुधा सोडून देतो.

प्रवाहासाठी 8 ते 10 क्रमांकाचा बारीक तारेचा गळ आणि 0.16 ते 0.20 मिलिमीटरचा दोरा घ्यावा. गांडूळ संपूर्ण ओवू नये. त्याच्या अंगावरील जाड पट्ट्याजवळून गळ एकदाच आरपार न्यावा आणि दोन्ही टोके मोकळी वळवळू द्यावीत. गुंडाळलेल्या गांडुळाचा गोळा प्रवाहात भोवऱ्यासारखा फिरतो आणि दोऱ्याला पीळ पडतो. गळापासून 30 ते 40 सेंटिमीटर वर चिमटीने दाबून बसणारी शिशाची छोटी गोळी लावा. वजन किती, हे पाणीच ठरवते. प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरके फेकल्यावर गोळीने अधूनमधून तळाला टिचकी मारली पाहिजे. सतत टिचक्या मिळत असतील तर वजन जास्त, एकही मिळत नसेल तर कमी. मी स्वतः दर दहा-पंधरा पावलांवर गोळी बदलतो आणि माझ्या मते गळाच्या क्रमांकापेक्षा या एका गोष्टीने अधिक फरक पडतो.

स्थिर पाण्यात मात्र तरंगणारे पीठ वापरावे. छिद्र असलेले शिसे मुख्य दोऱ्यावर मोकळे सरकते ठेवा, त्याखाली स्विव्हल (दोऱ्याला पीळ पडू न देणारी फिरती कडी) बांधा आणि स्विव्हलपासून पुढे 50 ते 90 सेंटिमीटरचा बारीक दोरा घेऊन 14 क्रमांकाचा गळ लावा. शिसे तळाला बसते आणि पीठ गळाला घेऊन वर उठते, म्हणजे या दोऱ्याची लांबी हीच आमिषाची तळापासूनची उंची ठरते. तळावर गुडघाभर शेवाळ असेल, तर दोरा त्याहून लांब हवा, नाहीतर आमिष शेवाळातच दडून राहते. फेकण्याआधी गोळा काठाजवळ सोडून पाहा. तो सावकाश वर आला पाहिजे. बुडाला तर पीठ वाढवा किंवा गळ लहान करा. शिसे सरकते असल्यामुळे माशाला ओढताना वजन लागत नाही आणि तो आमिष टाकून देत नाही.

आता आपल्या मुख्य दुःखाविषयी. पहिली सलग ओढ येताच दोरा ताणावा. "अजून थोडे खाऊ दे" असे म्हणत थांबू नये. कार्पसाठी जो संयम वर सांगितला, तोच येथे घातक ठरतो. वर्तुळाकार गळ वापरत असाल तर हिसका न देता फक्त रील सावकाश गुंडाळा, म्हणजे गळ बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. इतके करूनही गळ घशात गेलाच, तर तो उकरून काढू नये. तोंडाजवळ दोरा कापून मासा पाण्यात सोडावा. गळ आत राहूनही मासा जगण्याची शक्यता उकरून काढण्यापेक्षा बरीच अधिक असते. मासा हाताळण्यापूर्वी हात ओले करावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघून जातो. पाणी 20 अंश सेल्सिअसच्या वर गेले असेल, तर ट्राउट गरवू नये, हेही येथेच सांगतो. त्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला मासा सोडल्यानंतरही सावरत नाही.

जुनी काठी

वरील दोन्ही उत्तरे मला मान्य आहेत, परंतु "जवळजवळ पक्के" बसवलेल्या शिशाविषयी एक सावधगिरी सांगणे मला अत्यावश्यक वाटते. मुख्य दोरा तुटल्यास शिसे गळाच्या दोऱ्यापासून सुटून पडले पाहिजे. त्यासाठी सुटणारी क्लिप मिळते, तीच वापरावी. गाठ मारून कायमचे जखडलेले शिसे माशाला मरेपर्यंत ओढत न्यावे लागते, आणि ते कोठे अडकले की मासा तेथेच खिळून राहतो.

विणलेल्या मऊ दोऱ्याबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. नितळ पाण्यात आणि स्वच्छ वाळूवर मी ताठ फ्लुरोकार्बनचा (एक पारदर्शक कृत्रिम धागा) दोराच वापरतो. तो कमी दिसतो आणि कार्पला आमिष फुंकून टाकणे अवघड जाते. गाळात मात्र मऊ दोराच बरा.

आपल्या पाण्यावर ट्राउटसाठी आमिष चालते का आणि उलट्या काट्याचा गळ चालतो का, हे आधी पाहून घ्या. काही पाण्यांवर केवळ कृत्रिम माशीनेच गरवण्याची मुभा असते.

नवा गरवणारा

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. काल हेअर रिग बांधून तळहातावर तपासला आणि तिसऱ्या प्रयत्नात अणी टोचली. पहिल्या दोन वेळा मी दोरा समोरून घालत होतो. आज पहाटे एक कार्प खालच्या ओठात व्यवस्थित गळ लागून वर आला आणि तसाच सुखरूप परत गेला. दोन अडचणी मात्र उरल्या आहेत. लांब फेकताना गळाचा दोरा मुख्य दोऱ्याभोवती गुंडाळला जातो, आणि ट्राउटचे पीठ फेकतानाच सुटून पडते.

तळाचा गाळ

गुंता होतो तो पाण्याला टेकण्याच्या क्षणी. शिसे पाण्यात पडण्याच्या किंचित आधी सुटत्या दोऱ्यावर बोट टेकवून वेग रोखा, म्हणजे शिसे थबकते आणि गळाचा दोरा त्याच्यापुढे सरळ पसरतो. तरीही गुंता होत राहिला, तर गळाचा दोरा 15 सेंटिमीटरपर्यंत कमी करा आणि शिशाजवळच्या भागावर निमुळती रबरी नळी चढवा. पाण्यात विरघळणाऱ्या छोट्या पिशवीत गळ आणि थोडे आमिष बांधून फेकणे हाही खात्रीचा मार्ग आहे, मात्र ती पिशवी कोरड्या हातांनीच भरावी.

थंड प्रवाह

पिठासाठी साधा गळ सोडून बारीक तीनतोंडी गळ, 16 किंवा 18 क्रमांकाचा, आपल्या पाण्यावर चालत असेल तर वापरून पाहा. तीन बाकांमध्ये पीठ चांगले धरून राहते. मासे परत सोडायचे असतील, तर मात्र एकतोंडी गळच ठेवा आणि त्याच्या दांडीवर छोटी स्प्रिंग असलेला प्रकार निवडा. पीठ नेढ्यापासून बाकापर्यंत पूर्ण झाकेल असे थेंबाच्या आकारात दाबा, बोटे आधी पाण्यात बुडवा म्हणजे ते बोटांना चिकटून निघत नाही, आणि काठी झटक्याने न फिरवता सावकाश, रुंद चापाने फेका.