ग्रीन्यारवर सेमिनार आणि सोबत प्रात्यक्षिक : पावसाळ्यात रिअॅक्शन सुरू कशी करायची?

कार्बोनिल_कट्टा (प्रश्न)

एम.एस्सी. ऑरगॅनिक, कोल्हापूर. जुलैत व्हिक्टर ग्रीन्यार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञावर वीस मिनिटांचा सेमिनार आहे आणि त्यालाच जोडून त्याच्या रिअॅक्शननं (हॅलाइड आणि मॅग्नेशियमपासून अभिकर्मक, मग त्यात कीटोन) ट्रायफिनाइलमेथॅनॉल हे अल्कोहोल करून दाखवायचंय. तीन शंका आहेत.

१) मॅग्नेशियम आणि मिथाइल आयोडाइड बार्बिए या त्याच्या गुरूनं आधीच वापरलं होतं. मग नोबेल ग्रीन्यारला कसं?
२) ब्रोमोबेंझीन साधारण ५ मिली घेऊन करायचं तर प्रमाण काय ठेवू? पावसाळ्यात ही रिअॅक्शन सुरूच होत नाही असं सगळे म्हणतात.
३) मॅग्नेशियम टर्निंग्ज (बारीक चकत्या) संपल्यात. शिरोलीच्या फाउंड्रीत मॅग्नेशियम वापरतात, तिथून आणलं तर चालेल का?

---

जुना_कंडेन्सर

आधी उच्चार. आपल्याकडे सर्रास 'ग्रिग्नार्ड' म्हणतात, फ्रेंच उच्चार 'ग्रीन्यार'. परीक्षक तिथंच अडवतात.

आता पहिला प्रश्न. झिंकची सेंद्रिय संयुगं फ्रँकलंड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १८४९ पासून केलेली होती, पण हवा लागली की ती पेट घेत. बार्बिएनं १८९९ मध्ये झिंकच्या जागी मॅग्नेशियम घेतलं. मिथाइलहेप्टेनोन, मिथाइल आयोडाइड आणि मॅग्नेशियम, तिन्ही इथरमध्ये एकदम. अल्कोहोल मिळालं, पण उतारा (हाती येणारा माल) एकदा बरा तर एकदा काहीच नाही. बार्बिएनं तो विषय पीएच.डी.साठी ग्रीन्यारकडे दिला.

ग्रीन्यारनं जुनं वाचन कामी लावलं. कोरड्या इथरमध्ये झिंकची संयुगं नीट बनतात हे फ्रँकलंड आणि वँकलिननी दाखवलेलं होतं. तेच त्यानं मॅग्नेशियमला लावलं: आधी फक्त हॅलाइड (मिथाइल आयोडाइडसारखं), मॅग्नेशियम आणि कोरडं इथर. द्रावण तयार झालं की मग कीटोन (मिथाइलहेप्टेनोनसारखं). बदल एवढाच, क्रमाचा. पण त्यामुळे अभिकर्मक, म्हणजे मॅग्नेशियमचं ते संयुग, बनलाय की नाही हे कीटोन घालण्याआधी डोळ्यांना दिसतं, आणि एकाच द्रावणातून अल्कोहोल, आम्ल, हायड्रोकार्बन असं हवं ते काढता येतं. १९०० च्या मे महिन्यात पहिला निबंध, १९०१ मध्ये लियों विद्यापीठात प्रबंध आणि १९१२ मध्ये नोबेल. ते निम्मं साबातिएला होतं, बारीक धातूच्या मदतीनं संयुगांना हायड्रोजन जोडण्याच्या (हायड्रोजनेशन) त्याच्या कामासाठी. या दोघांचं काम एकत्र होतं असं काही स्लाइड्सवर दिसतं, ते चूक आहे.

बार्बिए मात्र राहून गेला, आणि ते मनाला लागतंच. 'बार्बिए रिअॅक्शन' हे नाव आजही चालतं, सगळं एकत्र घालायच्या पद्धतीला.

चरित्रात हे घे: जन्म ६ मे १८७१, शेर्बूर. वडील आरमाराच्या कारखान्यात शिडं शिवणाऱ्यांचे मुकादम. सुरुवात गणितात, आणि त्या पदवी परीक्षेत आधी नापास. रसायनशास्त्रात नाइलाजानंच आला. १९०९ ला नान्सी, पहिल्या महायुद्धात विषारी वायूंवर काम, १९१९ मध्ये बार्बिएच्याच खुर्चीवर लियोंला परत. मृत्यू १३ डिसेंबर १९३५. जन्मतारखा एका स्लाइडवर उरक, बाकी वेळ त्या क्रमाच्या गोष्टीला दे.

---

गार्डट्यूब

प्रमाण असं धर: मॅग्नेशियम १.३ ग्रॅम, ब्रोमोबेंझीन ५.२५ मिली (७.८५ ग्रॅम, ०.०५ मोल), कोरडं इथर ३० मिली. बेंझोफिनोन (इथला कीटोन) ८.२ ग्रॅम, २० मिली इथरमध्ये विरघळवून. बेंझोफिनोन मुद्दाम थोडं कमी घ्यायचं, म्हणजे ते शिल्लक राहून स्फटिक खराब करत नाही. सैद्धांतिक उतारा ११.७ ग्रॅम.

पावसाळ्याचा हिशेब सांगतो. ०.०५ मोल अभिकर्मक संपवायला ०.९ मिली पाणी पुरतं. पाण्यानं संपृक्त इथरमध्ये वजनानं साधारण १.२ टक्के पाणी असतं, म्हणजे ३० मिलीत पाव ग्रॅम. पाव ग्रॅमनंच चौथ्या हिश्श्याहून जास्त माल गेला, आणि तोही रिअॅक्शन सुरू झाली तर!

इथर आधी कॅल्शियम क्लोराइडवर एक रात्र. ते पाण्याबरोबर उरलेलं अल्कोहोलही धरतं. गाळून मग सोडियम वायरवर, बुडबुडे थांबेपर्यंत. या सगळ्याआधी पेरॉक्साइड (जुन्या इथरमध्ये साठणारं स्फोटक संयुग) तपासायचंच: पोटॅशियम आयोडाइड आणि अॅसेटिक आम्लात थोडं इथर हलवायचं, पिवळं पडलं तर फेरस सल्फेटच्या द्रावणानं धुऊन घ्यायचं.

काच १२० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर, आणि जोडणी गरम असतानाच. थंड होऊ दिली की जुलैच्या हवेत आतून ओल धरते. गार्ड ट्यूबमधला (कंडेन्सरच्या तोंडावरची, हवेतली ओल अडवणारी नळी) कॅल्शियम क्लोराइड ताजा हवा. जुना ओला होऊन दगडासारखा बसतो, मग अख्खा सेट बंद डब्यासारखा होतो आणि इथर झाकणासकट उडतं.

अजून एक, जे सहसा कुणी सांगत नाही. पावसाळ्यात कंडेन्सरच्या बाहेरून दव जमतं आणि ओघळत जॉइंटवर येतं. जॉइंटच्या वर फडक्याची पट्टी गुंडाळ.

सुरू करताना: मॅग्नेशियम, ५ मिली इथर, ब्रोमोबेंझीनचा फक्त दहावा हिस्सा, आयोडीनचा एक स्फटिक. ढवळू नकोस. मॅग्नेशियमवर ऑक्साइडचा पापुद्रा असतो, आयोडीन तो एका जागी फोडतो आणि तिथूनच सगळं पेटतं. तपकिरी रंग जातो, द्रावण गढूळ होतं, चकत्यांवरून बारीक बुडबुडे निघतात. मग उरलेलं ब्रोमोबेंझीन २५ मिली इथरमध्ये मिसळून थेंब थेंब, इथर आपोआप हलकं उकळत राहील एवढ्याच वेगानं. घाई केलीस तर बायफिनाइल हा नको असलेला पदार्थ वाढतो.

---

कार्बोनिल_कट्टा

खूप आभार सर. आयोडीनचा रंग गेला पण बुडबुडे नाहीत, तर आणखी ब्रोमोबेंझीन घालू का?

---

गार्डट्यूब

अजिबात नाही. सगळ्यात जास्त अपघात इथंच होतात. सुरू न झालेल्या फ्लास्कमध्ये हॅलाइड साठत जातं आणि सुरू झालं की एकदम सगळं. इथर कंडेन्सरच्या वरून बाहेर, आणि जवळ बर्नर असला तर आग.

रंग जाणं म्हणजे फक्त आयोडीन संपलं. खात्री गढूळपणा आणि बुडबुड्यांची. कोमट पाण्याचं भांडं दोन मिनिटं खाली धर आणि काढून घे. उकळणं थांबलं तर ती बाहेरची ऊब होती, चालू राहिलं तर रिअॅक्शन. नाहीच झालं तर १,२-डायब्रोमोइथेनचे तीन-चार थेंब. बर्फाचं भांडं शेजारी भरून ठेव, पण गरज पडल्याशिवाय लावू नकोस, थंड केलं की सुरू झालेलंही बसतं.

---

ओतकाम_गल्ली

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. एस.जी. आयर्नसाठी (गोल ग्रॅफाइटचं ओतीव लोखंड) शिरोली-गोकुळ शिरगावला जे वापरतात ते बहुतेक फेरो-सिलिकॉन-मॅग्नेशियम. त्यात मॅग्नेशियम ५ ते १० टक्के, बाकी सिलिकॉन आणि लोखंड. इथरमध्ये त्याचं काही होणार नाही. त्यापेक्षा शाळेच्या प्रयोगशाळेतली मॅग्नेशियमची रिबन घ्या, पॉलिश पेपरनं चकचकीत घासा, पाच मिलिमीटरचे तुकडे करा आणि लगेच गरम फ्लास्कमध्ये टाका. पृष्ठभाग कमी म्हणून वेळ जास्त लागेल, पण होतं.

आग लागली तर पाणी नको आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही नको, पेटलेलं मॅग्नेशियम त्यातही जळतं. कोरड्या वाळूची बादली ठेवा.

---

जुना_कंडेन्सर

तारीख पुढं ढकलून उन्हाळ्यात नेऊ नकोस. इथर ३४.६ अंशांना उकळतं आणि एप्रिलमध्ये आपल्याकडचा पारा त्याच्या वर जातो. टाकीचं पाणी कंडेन्सरला काही कामाचं राहत नाही, बर्फाचं पाणी पंपानं फिरवावं लागतं.

शेवटचा टप्पा राहिला. बेंझोफिनोन घालताना लालसर रंग येतो आणि पुढं घट्ट गोळा होतो, घाबरू नकोस. अर्धा तास ठेवून बर्फ आणि संपृक्त अमोनियम क्लोराइडवर ओत. तीव्र आम्ल नको, हे अल्कोहोल आम्लात लगेच कॅटायन (धन आयन) देतं. इथर उडाल्यावर राहिलेला घन २० मिली पेट्रोलियम इथरनं धू, बायफिनाइल त्यात निघून जातं. मग अल्कोहोलमधून स्फटिक. द्रवणांक १६२ ते १६४. खूप आधी वितळायला लागलं तर बायफिनाइल राहिलंय, पुन्हा धू.