आभासी गायिकेच्या आत बसलेल्या माणसाचं नाव का लपवायचं?

कवडसा

२०२५ च्या फेब्रुवारीत प्लेव्ह या दक्षिण कोरियन बँडच्या मिनी अल्बमच्या पहिल्याच आठवड्यात दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. बँडमधली पाचही पोरं ॲनिमेशनची. त्याआधी मार्च २०२४ मध्ये तिथल्या टीव्हीवरच्या साप्ताहिक संगीत कार्यक्रमात त्यांनी हाडामांसाच्या गायकांना मागे टाकून पहिला नंबरही पटकावला होता. अशी बातमी आली की लगेच 'आता कलाकारांची गरजच संपली' असा सूर लागतो. तो ऐकून राहवलं नाही, म्हणून हा धागा.

कलाकार कुठेही गेलेला नाही, त्याला झाकून ठेवलाय. प्लेव्हमधल्या प्रत्येक चित्रामागे एक खरा मुलगा आहे. गातो तोच, नाचतो तोच, चाहत्यांशी गप्पा मारतो तोच. जपानीत अशा माणसाला 'नाका नो हितो' म्हणतात, म्हणजे आतला माणूस. तो तिथल्या तिथे बोलायला नसला की काय होतं, हे १९९६ मध्येच दिसलं होतं. होरीप्रो या बड्या जपानी कंपनीने क्योको दाते नावाची संगणकावर घडवलेली गायिका आणली, गाजावाजा केला, पण ती चालली नाही. माझ्या मते कारण साधं आहे. ती दिसायची, पण तुमच्या बोलण्यावर तिला उलट काही बोलता येत नव्हतं. आज जे यश दिसतंय ते समोरच्याला तिथल्या तिथे उत्तर देणाऱ्या जिवंत माणसाचं आहे.

आणि नेमकं त्यालाच सगळ्यात कमी हक्क आहेत. 'व्हर्च्युअल यूट्यूबर' (ॲनिमेशनच्या रूपात व्हिडिओ करणारी) हा शब्द रूढ करणाऱ्या किझुना आय या जपानी पात्राच्या व्हिडिओंत २०१९ मध्ये वेगवेगळे आवाज ऐकू यायला लागले. चेहरा तोच, बोलणारी निराळी. चाहते भडकले, कारण त्यांचा जीव जडला होता तो आवाजावर. मे २०२२ मध्ये ए-सोल या चिनी गटातली कॅरोल 'सुप्तावस्थेत' जात असल्याचं जाहीर झालं. कारण दिलं तब्येत आणि शिक्षणाचं. मग चाहत्यांनी आतल्या मुलीच्या जुन्या पोस्ट शोधून काढल्या, आणि अपुरा पगार, न झेपणारा सराव यावर रान उठवलं.

बोलणारा एक आणि धनी दुसराच, असा हा कारभार आहे. म्हणून माझी मागणी: सिनेमात जशी नावं येतात तसं आतल्या कलाकाराचं नाव लावा, आणि त्याच्या संमतीवाचून त्या चेहऱ्यामागे दुसरं कुणी बसवू नका.

मध्यरात्रीचा प्रेक्षक

पूर्ण असहमत. तुमचा हेतू चांगला आहे, पण नाव लावलंत तर तुम्ही त्या मुलीचं कवच काढून घेताय.

चार वर्षं मी होलोलाइव्ह या अशाच आभासी कलाकारांच्या जपानी कंपनीचे स्ट्रीम, म्हणजे थेट प्रक्षेपणं, बघतोय. नेमाने बघणाऱ्यांमध्ये एक अलिखित नियम असतो: आतली व्यक्ती कोण, हे माहीत असलं तरी उच्चारायचं नाही. ते तिच्या सुरक्षिततेसाठी आहे. घरचा पत्ता शोधणारे, पाठलाग करणारे लोक असतात. मुखवट्यामुळे ती भाजी आणायला जाऊ शकते, प्रेमात पडू शकते.

खऱ्या चेहऱ्याच्या आयडॉल्सचं काय होतं ते आठवा. २०१३ मध्ये एकेबी४८ या जपानी गायिकांच्या गटातल्या एका मुलीने प्रियकराकडे रात्र काढल्याची बातमी एका साप्ताहिकाने छापली, तर तिने मुंडण करून कॅमेऱ्यासमोर रडत माफी मागितली. गुन्हा काय, तर प्रेम केलं! शिवाय अवतारामागे वय, वजन, रंग, अपंगत्व काही आड येत नाही. ज्यांना एरवी कुणी मंचाजवळ उभं केलं नसतं, अशी माणसं आज तासन् तास हजारोंना हसवतायत. त्यांना 'झाकलेली' म्हणणं मला पटत नाही. त्यांना पहिल्यांदा मोकळं होता आलंय.

तिसरी घंटा

मला दोन्ही बाजू कळतात, पण मूळ प्रकारच रुचत नाही. पुढच्या रांगेत बसलं की गायकाच्या गळ्याची ताणलेली शीर दिसते, सूर लागण्याआधीची भीती दिसते. तो पडू शकतो, म्हणून तर त्याच्या उभं राहण्याला अर्थ असतो. चित्राला कसली भीती?

शून्यप्रहर

@तिसरी घंटा, भीती आतल्याला असते की. शिवाय या मैफलींत सगळंच चित्र नसतं. हात्सुने मिकू या सॉफ्टवेअरमधून गाणाऱ्या जपानी आभासी गायिकेच्या कार्यक्रमात ती पारदर्शक पडद्यावर असते, पण शेजारचा ड्रमर खरा असतो, घामाने निथळत असतो. २०२४ च्या उत्तर अमेरिका दौऱ्यात त्या पडद्याऐवजी साधी एलईडी स्क्रीन लावली तर चाहत्यांनी केवढी ओरड केली! फसवून घ्यायला आलेली माणसं अशी ओरडत नाहीत. पडदा पारदर्शक असला की मिकू आणि वादक एकाच मंचावर उभे आहेत असं वाटतं. त्यांना ती जवळीक हवी होती.

ध्वनिलहर

मी आवाजाचं काम करते. वर्षभर एका अवताराच्या आत होते, म्हणून लिहिते. स्टुडिओचं नाव सांगत नाही, करारात तसं कबूल केलंय.

रोज सुरुवात कॅलिब्रेशनने, म्हणजे हालचाली टिपणारी यंत्रणा माझ्या शरीराशी जुळवून घेण्याने, व्हायची. दोन्ही हात आडवे पसरून पुतळ्यासारखं उभं राहायचं. डोक्यावर पट्टा, पट्ट्याला पुढे आलेली दांडी आणि दांडीच्या टोकाला माझ्या तोंडाकडे बघणारा फोन. तो चेहऱ्याच्या हालचाली टिपणार. हात तोंडासमोर गेला की चेहरा हरवतो आणि पडद्यावरची मुलगी अर्ध्या हसूतच थिजते. मला हसताना तोंडावर हात न्यायची सवय. ती मोडायला महिना गेला. मग मी हसण्याआधी मान डावीकडे टाकून श्वास आत ओढायला लागले. हेतू एवढाच, की हात वर जाऊ नये. बघणाऱ्यांना ते इतकं आवडलं की तीच त्या पात्राची ओळख झाली.

करार संपला तेव्हा नव्या मुलीला सरावासाठी माझ्याच हसण्याची रेकॉर्डिंग्ज दिली. एक दिवस 'तिला मान कशी टाकायची ते जरा दाखव' असंही सांगितलं. मी दाखवलं. ती बिचारी चांगली होती, तिचा काय दोष? पण त्या रात्री तो स्ट्रीम मला बघवेना.

मध्यरात्रीचा प्रेक्षक, तुम्ही म्हणता तो मोकळेपणा मीही अनुभवलाय, अगदी खरा आहे तो. मला नाव नकोच होतं. पण बाहेर पडल्यावर 'ती मी होते' एवढंसुद्धा म्हणता येत नाही. आज नवीन काम मागायला जाते तेव्हा त्या वर्षाच्या जागी कोरी जागा असते.

कवडसा

ध्वनिलहरताई, मनापासून आभार. 'सरसकट नाव लावा' हे मी मागे घेते. ज्याला लपायचं आहे त्याला लपू द्यावं. पण लपायचं की नाही हे आतल्या माणसाने ठरवावं, कंपनीने नाही.

नाव दिल्याने पात्राची जादू ओसरते, हा मात्र गैरसमज. मिकूचंच बघा. ती तर नुसतं सॉफ्टवेअर आहे. ऑगस्ट २००७ मध्ये क्रिप्टन फ्यूचर मीडियाने ती बाजारात आणली आणि गाणी लोकांनी रचली. तरीही तिचा मूळ आवाज फुजिता साकी या अभिनेत्रीचा आहे, हे पहिल्यापासून जगजाहीर आहे. काय बिघडलं?

कायदाही हळूहळू तिकडे वळतोय. २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका न्यायालयाने प्लेव्हची बदनामी करणाऱ्याला भरपाई द्यायला लावली. 'ही तर काल्पनिक पात्रं' हा बचाव टिकला नाही. अवताराचा अपमान हा आतल्या माणसाचाही अपमान ठरू शकतो, असं न्यायालय म्हणालं. अपमान आतल्या माणसाचा होत असेल, तर श्रेयही त्याचंच नको का?

मध्यरात्रीचा प्रेक्षक

निवड कलाकाराची, हे मान्य. काम सोडल्यावर 'ती मी होते' म्हणायची मुभा हवी, हेही मान्य. ध्वनिलहर यांचा प्रतिसाद वाचून मी गप्प झालो होतो.

पण दुसरं कुणी बसवायचंच नाही, ही अट खटकते. रंगभूमीवर एकच भूमिका वर्षानुवर्षं वेगवेगळे नट करतात. पात्र कुणा एकाच्या मालकीचं नसतं. चित्र दुसऱ्याने काढलेलं, पैसा कंपनीचा.

तिसरी घंटा

नाटकवाला म्हणून सांगतो, ही तुलना चुकते. नटाच्या हातात संहिता असते. भूमिका लेखकाने आधीच घडवलेली असते, म्हणून ती दुसऱ्याच्या हाती देता येते. इथे संहिता कुठे आहे? रोज रात्री तीन-तीन तास जे सुचेल ते बोलायचं, त्यातूनच पात्र उभं राहतं. बोलणारी तीच आणि लिहिणारीही तीच.

सकाळी मी चित्राला कसली भीती असं विचारलं होतं. त्या फोनसमोर हात वर जाऊ नये म्हणून मान टाकणारी बाई डोळ्यांसमोर आली, आणि माझा तो प्रश्नच चुकीचा होता हे कळलं.

ध्वनिलहर

चित्र चित्रकाराचं, पैसा त्यांचा, यावर माझा वाद नाही. पात्र त्यांनी खुशाल ठेवावं. नवी मुलगी आली तर तिला तिचं हसू हसू द्यावं, एवढंच माझं मागणं होतं. माझं तिच्या गळ्यात का बांधलं?