जुनी गाडी चालू होत नव्हती, दोष कसा सापडला?

सेल्फ फिरतो पण इंजिन उचलत नाही, किंवा उचलतं आणि पहिल्याच सिग्नलला मरतं. जुनी गाडी बाळगणाऱ्याला यात नवं काही नाही. अशा वेळी प्लग बदला, फिल्टर बदला, पंप बदला हे सल्ले भरपूर मिळतात, आणि सगळं बदलून झाल्यावरही दोष जागच्या जागी असतो. म्हणून इथे बदललेल्या पार्टांची यादी नको. दोष ओळखला कसा ते सांगा. गाडी थंड असताना रुसायची की गरम झाल्यावर? रात्रभर उभी राहिली की, का थोडा वेळ थांबली तरी? किल्ली फिरवल्यावर कोणता आवाज यायला हवा होता आणि आला नाही? कार्बोरेटर, इंजेक्शन, डिझेल, सगळं चालेल.

*

इंजेक्शनची गाडी असेल तर रेडिओ, पंखा बंद करून किल्ली फक्त 'ऑन'ला आणा. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू येते, तो टाकीतला पंप. माझ्या गाडीत एका सकाळी ती गुणगुणच नव्हती. फ्यूज शाबूत होता. हॉर्नचा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) त्याच नंबरचा होता, म्हणून तो पंपाच्या जागी लावून पाहिला, फरक शून्य. मग सीट उचलून पंपाचा प्लग काढला आणि कोणाला तरी किल्ली फिरवायला बसवलं. मीटर १२ व्होल्ट दाखवत होता. इथे बरेच जण पंप गेला असं ठरवून मोकळे होतात. पण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे तारेतला एकच धागा धड उरला असला तरी तो खूश असतो. त्याच दोन पिनांवर हेडलाइटचा जुना बल्ब लावला तर तो नुसता मिणमिणला. काळ्या तारेचा माग काढत गेले, तर कार्पेटखाली बॉडीला जिथे अर्थिंगचा बोल्ट होता तिथली रिंग हिरवी पडलेली, बोटानं हलवली तर तुकडाच हातात आला. रंग खरवडून नवी रिंग बसवली. पंप अजून तोच आहे.

*

त्याआधीचीही एक पायरी असते. 'टकटकटक' असा भराभर आवाज म्हणजे बहुधा बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकच ठोस 'टक' आणि पुढे शांतता म्हणजे सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) किंवा सेल्फ. उभ्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. जात नसेल आणि तरी सेल्फ जड फिरत असेल, तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिन ब्लॉकला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आलं तर अर्थिंगची पट्टी बघा. पेट्रोलचा विचार नंतर.

*

माझी कार्बोरेटरची. गावातल्या गावात अगदी शहाण्यासारखी चालायची, हायवेला अर्धा-पाऊण तास झाला की झटके खात बंद. थोडं थांबलं की परत चालू. गरम झाल्यावर बंद पडते म्हटलं की सगळे कॉइलवर (प्लगला ठिणगी देणारी) बोट ठेवतात, आमच्या मेस्त्रींनीही ठेवलं. मला खटकत होतं ते हे, की ट्रॅफिकमध्ये इंजिन जास्त तापायचं आणि तिथे गाडीनं कधीच दगा दिला नाही. पुढच्या वेळी बंद पडल्यावर बॉनेट उघडण्याऐवजी टाकीचं झाकण उघडलं. जोरात 'सुस्स' झालं, हवा आत ओढली गेली, आणि गाडी लगेच चालू झाली. टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यावी लागते, ती वाट बंद होती. थोडासा 'सुस्स' काही गाड्यांत नेहमीचाच असतो, तेवढ्यावर निकाल देऊ नका. झाकण किंचित ढिलं ठेवून तोच रस्ता परत पार केला, एकही झटका नाही, तेव्हा खात्री पटली. टाकीच्या व्हेंटच्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं.

*

इथेच विचारतो. जुनी इंजेक्शनची गाडी आहे. सकाळी एका झटक्यात चालू होते. गरम इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी परत मारली की सेल्फ फिरत राहतो, मग कशीबशी उचलते. पेट्रोलचा वास येतो. पंप बदला असं सांगितलंय. बदलू का?

*

थोडं वेगळं, पण कामाचं. किल्ली 'स्टार्ट'ला असेपर्यंत इंजिन चालतं आणि किल्ली सोडली त्या क्षणी मरतं, असं असेल तर कार्बोरेटर उघडू नका. पॉइंटवाल्या बऱ्याच जुन्या गाड्यांत सेल्फ मारताना कॉइलला थेट बॅटरीचा करंट मिळतो आणि किल्ली सोडल्यावर तो बॅलास्ट रेझिस्टरमधून, म्हणजे करंट कमी करणाऱ्या रेझिस्टरमधून जातो. तो तुटलाय, किंवा किल्लीचा स्विच झिजलाय.

*

वर विचारलंय त्यांना: पंपाला इतक्यात हात लावू नका. तुमच्या गाडीला पेट्रोल कमी पडतंय की जास्त होतंय, एवढंच आधी ठरवा. गरम असतानाच, त्रास देते त्याच वेळी, किल्ली ऑन करा, गुणगुण थांबू द्या, बंद करा, असं काही वेळा करून मग सेल्फ मारा. पटकन उचलली तर रेलमधलं (इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीतलं) प्रेशर उतरत होतं. नाही उचलली तर अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. पुष्कळ इंजेक्शन गाड्यांत तसं केलं की सेल्फ फिरताना इंजेक्टर बंद राहतात. फडफडत, काळा धूर सोडत उठली तर पेट्रोल जास्त झालंय. मग बघायच्या जागा दोन. एक, कूलंटचा टेंपरेचर सेन्सर. साधारण २० अंशांना त्याचा रेझिस्टन्स २ ते अडीच हजार ओहम असतो आणि ८० च्या पुढे तीनशेच्या आसपास उतरतो. तो गरम इंजिनलाही थंड म्हणत असेल तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल ओतत राहतो. दुसरी, रेलवरचा प्रेशर रेग्युलेटर. त्याची बारीक व्हॅक्यूम नळी उपसून बघा, ती कोरडी हवी. रेग्युलेटर टाकीतच असेल तर ही युक्ती चालत नाही. आणि पेट्रोलची लाइन सोडायची वेळ आली तर आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप मरेपर्यंत चालवा. रेलमध्ये बहुधा ३ बारच्या आसपास प्रेशर असतं, गरम इंजिनवर फवारा उडाला तर पेट घ्यायला वेळ लागत नाही.

*

डिझेलवाले गप्प का? रात्रभर उभी राहिली की सकाळी लांब सेल्फ, एकदा उचलली की दिवसभर तक्रार नाही, असं असेल तर दोन संशयित: हीटर प्लग (थंड इंजिन उचलायला आत गरम होणारे) आणि डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा. फिल्टरवरचा हातपंप दाबून कडक केला आणि गाडी लगेच उचलली, तर हवा धरत होती. फिल्टर ते पंप या टप्प्यात पारदर्शक नळीचा तुकडा घातला की सोडावॉटरसारखे बुडबुडे दिसतात. गंमत अशी की हवा आत शिरते तिथून डिझेल बाहेर गळेलच असं नाही, त्यामुळे खाली डाग शोधणारे फसतात. आमच्याकडे फिल्टरच्या बुडाचं पाणी काढायचं नॉब, त्याचा रबरी रिंग कडक झाला होता. हीटर प्लग चांगले असतील तर मीटरवर साधारण ओहमभर दाखवतात. आणि हीटर असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नका, पिस्टन फुटू शकतो.

*

मेकॅनिकल (इंजिननं चालणाऱ्या) पेट्रोल पंपवाल्यांसाठी एवढंच: डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलची लेव्हल न टाकता वाढलेली आणि पेट्रोलचा वास, म्हणजे पंपाचा डायफ्राम फाटून पेट्रोल इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतंय. ते ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये, बेअरिंग जातात. पेट्रोलमध्ये इथेनॉल आल्यापासून जुने रबर लवकर फुगतात आणि चिरतात, त्यामुळे डायफ्राम आणि नळ्या इथेनॉलला चालणाऱ्याच घ्या.

*

गरम गाडीचा प्रश्न विचारणारा मीच. किल्ली ऑन-ऑफ करून फरक नाही. पाय तळापर्यंत दाबला, काळा धूर सोडून उठली. सेन्सर गरम असताना २९० ओहम, म्हणजे ठीक. रेग्युलेटरची नळी उपसली तर तिच्या टोकाला पेट्रोलचा थेंब लोंबत होता, नळी आतून पूर्ण ओली. डिपस्टिकलाही पेट्रोलचा वास आहे. रेग्युलेटर मागवलाय, तो आला की ऑइल-फिल्टर बदलून गाडी चालू करणार, तोपर्यंत ती उभी.